तीन वर्तुळं जिथे मिळतात

तिला ऑफिसात सगळे खात्रीबाई म्हणत. मागून नव्हे, तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. सकाळी घरून निघताना ती कुलूप ओढून बघायची, जिना उतरायची, परत चढून पुन्हा ओढून बघायची. एकदा या नादात तिने सासूबाईंना आत कोंडून ऑफिस गाठलं होतं, आणि नवऱ्याला घड्याळदुरुस्तीचं दुकान अर्धवट टाकून घरी पळावं लागलं होतं. "सून गुणाची आहे हो," सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "फक्त तिच्या तावडीतून कुलूप, गॅस आणि मी, आम्ही तिघंही सुटत नाही."

भीती तिच्या पाचवीलाच पुजलेली होती. कुत्र्याची भीती, लिफ्टची भीती, दुपारी अवेळी वाजणाऱ्या फोनची भीती. पण आकडेवारीच्या धंद्यात भित्र्या माणसाला किंमत असते. धीट माणूस आकडा भरतो आणि चहाला जातो. भित्रा माणूस आकडा भरतो, चहाला जातो आणि पहिला घोट घशात अडकला की उठून परत येतो. एकदा कुणीतरी एका शाळेचे अक्षांश-रेखांश उलटे भरले होते आणि ती शाळा पोरांसकट भर समुद्रात जाऊन पडली होती. शाखेतल्या कुणालाही ते दिसलं नाही. खात्रीबाईला दिसलं, कारण ती प्रत्येक ठिकाण नकाशावर बोट ठेवून बघायची.

तीन ठिकाणं मात्र तिने कधीच नकाशावर पाहिली नव्हती.

मारहाणीला कंटाळून, जिवाच्या भीतीने घर सोडून आलेल्या बायकांसाठी तिचं खातं तीन घरं चालवत असे. एक त्याच शहरात, दोन लांबच्या गावांत. त्यांचे पत्ते कुणालाही सांगायचे नसत. पोस्टमनलाही ती असली घरं म्हणून ठाऊक नव्हती. चौथं घर कुठे काढावं हे ठरवायचं होतं, म्हणून खात्याने आकडेवारी शाखेला काम दिलं: कुठल्या वस्तीतून किती बायका कुठल्या घरात पोचतात, आणि अंतर वाढलं की ही संख्या कशी रोडावते, त्याचं मॉडेल करा. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. शाखेत सगळे त्याला ओढीचं गणित म्हणत. वस्ती मोठी तर निघणाऱ्या बायका जास्त, घर मोठं तर त्याची ओढ जास्त, अंतर लांब तर ओढ कमी. एवढंच ते गणित, बाकी सगळी सॉफ्टवेअरची मिजास.

हे सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणाला त्याचा मुक्काम चिकटवायला सांगतं. म्हणजे मॉडेलच्या पोटातच एक कप्पा असतो, त्यात वस्त्यांचे आणि घरांचे अक्षांश-रेखांश भरायचे. तीन घरांचे आकडे बंद पाकिटातून आले ते फक्त खात्रीबाईच्या हाती. तिने ते स्वतः भरले, पाकीट बारीक फाडलं, तुकडे पाण्यात भिजवून टाकले. आणि स्वतःला बजावलं की हे तीन बिंदू नकाशावर उघडून बघायचे नाहीत. एकदा डोळ्यांनी घर पाहिलं की ते कधीतरी तोंडातून निसटतं. आकडा लक्षात राहत नाही, गल्ली राहते.

काम उत्तम झालं. त्यातून एक गोष्ट निघाली ती वाचून तिला रात्रभर चैन पडली नव्हती. लांबच्या वस्त्यांतून बायका येत नाहीत हे अपेक्षितच होतं. पण घराच्या अगदी लगतच्या वस्त्यांतूनही जवळजवळ कुणी येत नव्हतं. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण लपायला जाईल? मधल्या अंतरावरच्या बायका येत होत्या. लपायला पुरेल इतकं लांब, आणि मूल कडेवर घेऊन पोचता येईल इतकं जवळ.

खात्याचा नियम होता की लोकांच्या पैशातून झालेलं काम लोकांना बघायला खुलं ठेवायचं. त्यामुळे अहवालाबरोबर मॉडेलची फाइलही संकेतस्थळावर ठेवायची होती. खात्रीबाईने घरांच्या मुक्कामाचा कप्पा रिकामा केला. रिकामा झाला का ते पाहिलं. फाइल बंद करून, पुन्हा उघडून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नेऊन तिथेही पाहिलं. तीनही घरांपुढे काहीच नव्हतं. मग तिने फाइल पाठवली आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

पुढे आठवडे गेले. अहवाल कुणी वाचल्याची काही चिन्हं नव्हती. सरकारी अहवालांचं हे असंच असतं, छापणारा वाचतो तेवढंच. आणि मग एका सकाळी तिला एक ईमेल आली.

"नमस्कार. आपलं काम वाचलं. फार काटेकोर आणि सुंदर आहे. दोन शंका होत्या. अंतरांना आपण कोणत्या आकड्याने भागलं आहे? आणि वस्तीपासूनचं अंतर मोजताना वस्तीतला नेमका कोणता बिंदू धरला आहे? त्रासाबद्दल क्षमस्व. आपला, एक वाचक."

खात्रीबाई हरखून गेली. इतकी वर्षं मान मोडून काम केलं, पण "सुंदर" असं कुणी म्हटलं नव्हतं. साहेब म्हणायचे "ठीक", नवरा म्हणायचा "दमलीस का". तिने चहासुद्धा न घेता उत्तर लिहिलं. मोठे आकडे सॉफ्टवेअरला पचत नाहीत म्हणून मीटरमधल्या सगळ्या अंतरांना कितीने भागलं, ते कळवलं. अंतर सरळ रेषेतलं आहे हेही कळवलं. वस्तीचा मध्यबिंदू कसा काढला ते समजावून सांगितलं, आणि उगाच त्यांना शोधाशोध नको म्हणून सगळ्या वस्त्यांच्या मध्यबिंदूंची यादी सोबत जोडली. खाली लिहिलं, "आणखी काही लागल्यास निःसंकोच विचारावे."

दुपारी ती चहाच्या खोलीत उभी होती. कुणीतरी आपलं काम वाचतंय, या सुखात कप हातात धरून खिडकीबाहेर बघत होती. आणि मनात सहज आलं, याला तो भागायचा आकडा कशाला हवा असेल?

मॉडेलला त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. शंभराने भागा, हजाराने भागा, बायका तेवढ्याच येणार, एक गुणक तेवढा लहान-मोठा होणार. मॉडेल तपासणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. हा प्रश्न पडतो नकाशावर कंपास टेकवणाऱ्याला.

घोट घशातच राहिला. कप तिने ओट्यावर ठेवला की कठड्यावर, तिला कळलं नाही. मुक्कामाचा कप्पा तिने रिकामा केला होता, पण अंतरं? अंतरं फाइलमध्येच होती. ती काढून चालतच नव्हतं, त्यांच्यावरच तर सगळं मॉडेल उभं होतं. शहरातल्या प्रत्येक वस्तीपासून त्या घरापर्यंतचं अंतर, वस्तीचं नाव लिहून, ओळीने मांडलेलं.

ती जागेवर आली. संकेतस्थळ उघडून तिने परक्या माणसासारखी ती फाइल उतरवून घेतली. एक वस्ती निवडली. सकाळी पाठवलेल्या आकड्याने अंतर गुणलं, वस्तीच्या मध्यबिंदूभोवती वर्तुळ काढलं. दुसरी वस्ती, दुसरं वर्तुळ. दोन्ही एकमेकांना दोन जागी छेदत होती, आणि त्यातली एक जागा नदीच्या पात्रात होती. तिसरं वर्तुळ काढताना चुकीची वस्ती निवडली गेली, म्हणून पुन्हा काढलं. तिसरं वर्तुळ नदीकडे वळलंसुद्धा नाही. तिन्ही रेघा एका गल्लीत, एका छपरावर येऊन मिळाल्या.

नकाशाच्या उपग्रहचित्रात छपरावर कपडे वाळत होते. लहान मुलांचे.

आयुष्यभर ती नाही नाही त्या गोष्टींना भ्याली होती, आणि दर वेळी शेवटी काहीच झालं नव्हतं. कुलूप लागलेलंच असायचं, गॅस बंदच असायचा. आज पहिल्यांदा ती भ्याली नव्हती, हसत हसत उत्तर लिहून मोकळी झाली होती, आणि आजच दार सताड उघडं राहिलं होतं.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज चढवत नसत, रजा अडवत नसत, आणि ज्या कागदावर सही करायची नसेल तो कागद त्यांना दिसतच नसे.

"आपण अक्षांश-रेखांश दिले का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. पण अंतरं—"

"दिले का?"

"नाही."

"मग झालं तर. तुम्ही ना, खरंच, राईचा पर्वत करता. एका बिचाऱ्या अभ्यासू माणसाने शंका विचारली. विद्यार्थी असेल."

तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि फिरवला. साहेबांनी तीन वर्तुळं पाहिली. छप्पर पाहिलं. मग ते उठले आणि खोलीचं दार लावून आले. बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"फाइल काढून टाकायला सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ता, लगेच."

"त्याने ती उतरवून घेतली असणार, साहेब. त्या घराला कळवायला हवं."

"घरांवर देखरेख करणाऱ्या समितीमार्फतच कळवता येतं. त्यांच्याशिवाय फोन नंबर कुणाकडे नाही. मी पत्र लिहितो. समिती बसेल तेव्हा..."

"कधी बसते?"

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. ते घाबरले होते, आणि तिला त्यांची दयाही आली आणि संतापही आला. इतक्या वर्षांत साहेबांवर तिला कधी राग आला नव्हता.

"हे तुम्ही मला दाखवलेलं नाही," साहेब म्हणाले. मग त्यांनी स्वतःच रजेचा अर्ज ओढला, स्वतःच्या अक्षरात तिच्या नावाने लिहिलं, तब्येत बरी नाही, आणि सही केली. "घरी जा," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले. ती घरी जाणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली नाही. मागच्या बाकावर एक माणूस मोबाइलवर नकाशा बघत होता. हा असेल? पुढे दाराशी एकजण उगाच उभा होता, जागा असून बसत नव्हता. हा असेल? रस्त्यावर माणसांची काय कमी? पायात चपला असलेला, हातात पिशवी असलेला, दाढी केलेला, न केलेला, कुणीही असू शकला असता. एक वाचक! ती एक थांबा आधीच उतरली आणि मग आपणच वाट दाखवत चाललोय का, या शंकेने एका औषधाच्या दुकानात शिरून खोकल्याचं औषध विकत घेतलं. खोकला तिला नव्हताच. दुकानातून बाहेर येऊन मागे पाहिलं. कुणी नव्हतं. कुणी नव्हतं याने तर तिला जास्तच धडकी भरली.

गल्ली साधीच होती. एक शिंप्याचं दुकान, एक सायकलवाला, एका भिंतीला टेकवलेली जुनी कपाटं. घराला पाटी नव्हती. खालच्या खिडक्यांच्या काचांना आतून कागद चिकटवलेला होता. आतून पोरांचा कालवा ऐकू येत होता. कुणीतरी कुणाची तरी पेन्सिल घेतली होती आणि त्यावरून मोठं भांडण जुंपलं होतं.

तिने दार वाजवलं.

कालवा थांबला. हळूहळू नाही, एकदम थांबला. मुलांना गप्प बसा असं कुणी सांगितलेलं तिला ऐकू आलं नाही, त्यांना ते सांगावं लागत नव्हतं. शाळेत घंटा झाली तरी पोरं इतकी गप्प होत नाहीत. खात्रीबाई दाराशी उभी होती, आणि त्या शांततेत तिला कळलं की या घटकेला आत सगळे तिलाच भ्यालेत. तिला कुणी कधी भ्यालं नव्हतं. गल्लीतलं मांजरसुद्धा तिच्यासाठी वाट सोडत नसे.

दारातली एक बारीक फळी सरकली. दोन डोळे दिसले, वयस्क बाईचे.

"कोण हवंय?"

"मी आकडेवारी शाखेतून आलेय. इथल्या ताईंना भेटायचंय."

"इथे कुणी ताई नाही. पुठ्ठ्यांचं गोदाम आहे हे. चुकलात तुम्ही."

"नाही हो चुकले, ताई," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "चुकले नाही, तेच सांगायला आलेय."

दाराआडच्या बाईच ते घर चालवत. त्यांना तिथे सगळ्या मोठ्या ताई म्हणत. त्यांनी तिला आत घेतलं, दाराला दोन अडसर घातले, ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि जिन्याखालच्या खुर्चीवर बसवलं. खात्रीबाईने मॉडेल, कप्पा, भागलेली अंतरं, सगळं एका दमात सांगितलं. मोठ्या ताईंना त्यातलं गणित कळलं नाही आणि त्यांनी तसा आवही आणला नाही.

"एवढंच सांगा. त्या माणसाला हे दार सापडेल?"

"मला सापडलं. चहा निवायच्या आत."

"आणि त्याला उत्तर कुणी दिलं?"

"मी."

ती ओरडा खायच्या तयारीने मान खाली घालून बसली होती. ओरडा मिळाला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

"रडायचं ते घरी जाऊन रडा," मोठ्या ताई म्हणाल्या. "आत्ता वर चला आणि गाद्या गुंडाळायला लागा."

त्यांनी दोन फोन केले, दुसऱ्या दोन घरांनाही सावध करायला. तिसरा फोन कपडे धुण्याच्या एका कारखान्याला केला. त्यांची बंद गाडी असल्या वेळी येत असे आणि ती एक बाईच चालवायची. पोलिसांना कळवायचं का, असं खात्रीबाईने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कळवणार. निघाल्यावर कळवणार. आमच्यातल्या एकीचा नवरा त्यांच्यातलाच आहे."

वरच्या खोल्यांत बायकांनी तोपर्यंत आवरायला घेतलंही होतं. कुणी किंचाळलं नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. असं उठून निघण्याची त्यांना सवय होती. एका खिडकीला नवा पडदा होता, पिवळा, अजून घडीच्या रेघा न गेलेला. तो लावणारी बाई स्टुलावर चढून तो काढत होती. तिची मुलगी खाली उभी राहून कड्या गोळा करत होती.

"कालच लावला होता," ती बाई म्हणाली. "म्हटलं, आता राहायचंच आहे तर." मग खात्रीबाईकडे बघून म्हणाली, "तुम्ही सांगायला आलात ना? नाहीतर कोण येतं हो. उपकार झाले तुमचे."

खात्रीबाईला गप्प बसणं सोपं होतं. मोठ्या ताई खाली होत्या, कुणी काही बोललं नसतं.

"उपकार नका म्हणू," ती म्हणाली. "माझ्यामुळेच जावं लागतंय तुम्हाला. मीच त्याला सांगितलं. मला कळलं नाही."

बाई स्टुलावरून खाली उतरली. पडदा तिच्या हातात तसाच राहिला. आजूबाजूच्या बायका गाठोडी सोडून जवळ आल्या. आता या मला धरून मारतील, खात्रीबाईला वाटलं, आणि तिने मागेही पाऊल घेतलं नाही.

"काय लिहिलंय त्याने?" पडदेवालीने विचारलं. "दाखवा."

खात्रीबाईने मोबाइलवर ती ईमेल उघडून दिली. त्या सगळ्या डोक्याला डोकं लावून वाचू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना एकीने हळू आवाजात वाचून दाखवलं.

"हा माझाच," पडदेवाली म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "'त्रासाबद्दल क्षमस्व.' मारून झालं की हेच म्हणायचा. पाणी आणून द्यायचा आणि म्हणायचा, त्रास झाला, माफ कर."

"नाही गं," दुसरी म्हणाली. "शंका आहे म्हणतोय बघ. माझा नवरा कधी प्रश्न विचारत नाही. शंका विचारतो. एक शंका होती, दुपारी कुणाशी बोलत होतीस? तोच आहे हा."

"सुंदर आहे, म्हणतोय," तिसरी पुटपुटली आणि भिंतीला धरून खाली बसली. "आधी नेहमी कौतुक करायचा."

एक म्हातारी होती, सत्तरीची असेल. या वयात ही कुणापासून पळून आली, असं खात्रीबाईच्या मनात येऊन गेलं होतं. ती म्हणाली, "माझा मुलगा आहे तो. आपला म्हणून लिहितो. सगळ्यांना आपला म्हणतो."

चार ओळी. आणि त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला त्यात आपल्याच माणसाचा आवाज ऐकू येत होता. खात्रीबाईने त्या ओळी सकाळपासून कितीदा वाचल्या होत्या. तिला त्यात फक्त सभ्यपणा दिसला होता. तिला आता समजत होतं की हे बायकांनी घाबरून कल्पिलेलं नाही, त्या सगळ्या बरोबर वाचत होत्या. कुणाचा, एवढंच कळायचं बाकी होतं, आणि ते कळायला दार वाजावं लागलं असतं.

तेवढ्यात तिच्या हातात परत आलेला मोबाइल थरथरला. त्याच माणसाची ईमेल होती. पडदेवालीने तिच्या हातातून तो घेतला आणि मोठ्याने वाचलं.

"फार आभारी आहे. सगळं जुळलं."

जिन्यात मोठ्या ताई उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं.

"गाद्या राहू द्या," त्या म्हणाल्या. "भांडी राहू द्या. फक्त पोरं घ्या. चला."

मग जे झालं ते फार पटकन झालं. वह्या, खेळणी, अर्धं शिजलेलं जेवण, सगळं जागच्या जागी राहिलं. गाडी मागच्या बोळात येऊन लागली होती. खात्रीबाईच्या कडेवर कुणीतरी एक पोर दिलं, ते झोपेतून उठवलेलं होतं आणि गरम होतं. तिने ते घट्ट धरलं. बोळाच्या टोकाला एक माणूस वळला तेव्हा सगळ्या बायका भिंतीला चिकटल्या, तीही चिकटली, पोराचं डोकं आपल्या खांद्यात दाबून. माणूस सायकल ढकलत निघून गेला. त्याने यांच्याकडे पाहिलंही नाही.

म्हातारीला वर चढवताना मोठ्या ताई खात्रीबाईला म्हणाल्या, "तुम्ही इथून सरळ घरी जा. वाकडी वाट करून जा. आणि पुढे खात्याकडून नव्या जागेचे आकडे मागायला कुणी आलं तर..."

"मला देऊ नका," ती म्हणाली. "कुणालाच देऊ नका."

"देणार नव्हतेच," मोठ्या ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला पुन्हा वाटलं.

पडदेवाली शेवटी चढली. पडदा तिने सोडला नव्हता, बोळा करून काखेत घेतला होता. चढताना ती थांबली. खात्रीबाईला वाटलं, आता ही बोलेल, आणि जे बोलेल ते आपल्याला जन्मभर पुरेल. पण ती एवढंच म्हणाली, "तुमचं नाव त्याच्याकडे आहे ना? ईमेलमध्ये?"

"हो."

"मग तुम्हीही जपून राहा. आमच्यातलं कुणी सापडलं नाही की तो तुम्हाला विचारायला येईल. गोड बोलेल. दार उघडू नका."

खात्रीबाईला हे तोवर सुचलंच नव्हतं. सकाळपासून ती या बायकांसाठी भ्याली होती, स्वतःचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. आता तिला आपलं घर दिसलं, जिना दिसला, दुपारी एकट्या असणाऱ्या सासूबाई दिसल्या. त्या बेल वाजली की कोण आहे न विचारता कडी काढत, आणि आलेल्याला बसा म्हणून पाणी देत.

गाडीचं दार लागायला आलं. तेवढ्यात पडदेवालीची मुलगी फटीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "मावशी, तुम्ही या हं आमच्याकडे. आम्ही ना आता मोठ्या..."

तिच्या आईचा हात तिच्या तोंडावर पोचायच्या आधी खात्रीबाईने दोन्ही कानांवर तळवे दाबले आणि भिंतीकडे तोंड केलं. डोळे मिटले. भिंतीच्या गिलाव्याचा गारवा कपाळाला लागत होता. इंजिनाचा थरथराट पायांतून जाणवला, मग तोही थांबला. तरी ती हलली नाही. गाडी बोळाच्या कुठल्या टोकाने गेली, हे बघायला ती वळली नाही. आणि पूर्ण शांत झालं असेल असं वाटल्यावरही, हात काढले तर दूरवरचा आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कळेल, या भीतीने ती तशीच कान दाबून उभी राहिली.